घुमणं

हैमाच्या पुढे रस्ता नाकासमोर जातो,
इतका सरळ की स्टिअरिंग धरायची लाज वाटावी.
दोन्ही अंगांना खडी, खारवट माती,
पहाटे धुकं, आठनंतर नुसतं ऊन.

अरबीत प नाही.
म्हणून मी परशराम, इथे बरशराम.
पिकअपचीही बिकअप झालेली.
आम्ही दोघं एकाच अक्षराला मुकलेले.

मुसल्लम हरसूसीची ती जड गाडी,
पुढचा अ‍ॅक्सल अखंड, चाकं माणसाच्या कमरेइतकी,
मागच्या हौद्यात गुडघे बांधून बसवलेली उंटीण.
काटा शंभरच्या वर गेला
आणि मोरीच्या सांध्यावर चाक एकदा आपटलं
की तिच्या अंगात येतं.

मालक मोइदूट्टी म्हणाला, डॅम्पर बदल,
अठरा रियाल, गिऱ्हाईक खूश.
वर्षातला हा तिसरा डॅम्पर.
अंगारा लावावा तसा लावायचा, महिनाभर गप्प.
मी म्हटलं, आधी मला बघू दे
ती घुमते कशी.

ऐंशी. पंच्याण्णव. एकशे पाच. मोरी.

पहिला झटका मनगटात, मग खांद्यात, मग दाढेत.
समोरचा रस्ता एकाचे चार झाला,
डॅशवरची खजुराची डबी उलटली,
आरशाला टांगलेली जपमाळ काचेवर ताडताड.
मुसल्लम ओरडला, ब्रेक! ब्रेक!
ब्रेक नाही दाबला.
पाय काढून घेतला. हात ढिले केले,
सोडले मात्र नाहीत.

हे गॅरेजात कुणी शिकवलं नव्हतं.
शिमग्यात शेवंताकाकूच्या अंगात यायचं,
केस मोकळे, डोळे भलतीकडे,
चार बाप्ये धावायचे दंड आवळायला.
आई म्हणायची, आवळू नका रे मेल्यांनो,
नुसता हात ठेवा.
उतरेल तिचं तिला.

नव्वद. सत्तर. पंचावन्नला उतरलं.
मुसल्लमने डबी उचलली,
खाली पडलेले खजूर एकेक फुंकून परत भरले.
मागे उंटीण रवंथ करत होती,
जणू तिने बरीच लग्नं पाहिली आहेत.

परत येऊन मी गाडीखाली आडवा झालो.
मुसल्लमला म्हटलं, इंजिन चालू ठेव,
डावीकडे, उजवीकडे, हळू.
डोळ्यांना काही दिसेना.
बोट ठेवलं तेव्हा कळलं:
ट्रॅक बारच्या बोल्टाचं भोक गोल राहिलं नव्हतं.
लांबट झालेलं, तांदळाच्या कणीएवढं.

एवढंच? तो वाकून म्हणाला.
एवढंच.

आमच्याकडे म्हणतात, खुंटा हलवून बळकट करावा.
हा खुंटा रोज हलत होता,
आणि सगळे वरून लिंबू उतरत होते.

शेवंताकाकूलाही लिंबू होतं, अंगारा होता,
अमावास्येला नारळ होता.
तिचा नवरा इथेच, मत्रहच्या धक्क्यावर, गोणी उतरवायला.
नऊ वर्षांत दोनदा घरी आला,
दुसऱ्यांदा रेडिओ घेऊन.
तिच्या बाबतीत कुणी जमिनीवर आडवं होऊन
बोट लावून पाहिलं नाही.
मी तेव्हा अकरा वर्षांचा. मीही ढोल बघत होतो.

भोक रीम केलं, पोलादी स्लीव्ह ठोकली,
बोल्ट पान्याला अख्खं वजन देऊन आवळला.
मोइदूट्टी दोन दिवस बोलला नाही.
डॅम्पर तसाच खोक्यात राहिला.

तिसऱ्या दिवशी मुसल्लम स्वतः चालवायला बसला.
एकशे दहा. मोरी आली,
ठप्प, एकदाच,
आणि मागे गेली.
तो हसला. दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून
मला दाखवले, बघ बरशराम, बघ.

मी मराठीतच ओरडलो,
हात ठेव रे. नुसता ठेव.

त्याला समजलं असावं. ठेवला.