पाठकोरा

विश्रामबागेतल्या कॉलेजची लॅब.
चपला दाराबाहेर,
फोन शिपायाजवळच्या बिस्किटांच्या डब्यात.
हसायचं नाही बाई, म्हणाला तो पोरगा,
चेहरा जुळला पाहिजे.
तिसऱ्यांदा जुळला, चष्मा काढल्यावर.
मग मलाच काही दिसेना
आणि स्क्रीनवर पान उघडलं.

भूमिती. प्रश्न चौथा, अ.
नाव नाही, गाव नाही, बैठक क्रमांकही नाही,
नुसत्या काळ्या पट्ट्या, जाड-बारीक.

एकतीस वर्षं मी कागदाला हात लावून तपासलं.
पोर किती दाबून लिहितं ते मागून कळतं,
पानाच्या पाठीवर बोट फिरवलं
की लागतात उठलेले वळ.
भ्यालेलं पोर खोल लिहितं.
घोकलेलं वरवर तरंगत जातं.

आणि खोडलेल्या रेषा,
खिडकीशी पेपर धरला की दिसायच्या त्या:
आधी इथून टाकला होता लंब,
मग पटलं नाही,
मग रबर, मग थुंकी लावून रबर,
मग पडलेल्या भोकाच्या शेजारून
निघाली बरोबर रेषा.
अर्धा गुण मी त्या भोकाला देत असे.
नियमात नव्हतं.

स्क्रीनला पाठ नसते.
मोठं करून बघितलं, दोनशे टक्के, चारशे टक्के,
पेन्सिलीचा नुसता राखाडी चुरा होतो
आणि कोपऱ्यातलं घड्याळ तांबडं:
या पानावर सरासरीपेक्षा जास्त वेळ.
शेजारी कुंडलचे आंबी सर
माउस उचलून उचलून ठेवतात,
तो घासत न्यायचा असतो हे त्यांना
अजून पटलेलं नाही.

आमचं आडनाव शिकलगार.
आजोबा तासगावच्या बाजारात
विळ्या-कात्र्यांना धार लावत,
मी पेन्सिलींना लावत आले.
इथे टोकदार काहीच नाही.
बरोबरची खूण तयार मिळते, ओढून आणायची,
सगळ्या सारख्या.
माझ्या खुणेची शेपटी लांब यायची,
पुढच्या ओळीत घुसायची. ती गेली.

पण दुसरंही सांगायला हवं.

शेवटी कोरी पानं येतात.
एकेक उघडायचं, एकेकावर दाबायचं:
कोरे. कोरे. कोरे.
एक जरी सुटलं तरी यंत्र
रस्त्यात बसलेल्या म्हशीसारखं,
हलत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चअखेर
मी दोन कोरी पानं बघितली
आणि उरलेली अंगठ्याने सर्रकन सोडली.
लाईट नव्हती. गठ्ठा सकाळी द्यायचा होता.
अकराव्या पानावर एक प्रमेय होतं,
भलत्याच बाजूने सुरू केलेलं, पण पुरं.
ऑगस्टात बोर्डाचं पत्र:
पाच गुण, खुलासा करावा.
केला मी खुलासा. चांगल्या अक्षरात.
पोरगी पलूसकडची, एवढंच कळलं,
आणि अकरावीच्या याद्या
तोवर लागून गेल्या होत्या.

तेव्हा आता बघते.
सतरावं पान, काही नाही.
अठरावं, खालच्या कोपऱ्यात
कुणाच्या तरी बोटाचा डाग.
हळदीचा असेल, या दिवसांत
यार्डाकडच्या घरांत सगळ्यांचीच बोटं पिवळी.
स्कॅनरने राखाडी केलाय.
वरणाचाही असेल म्हणा.
त्याच्यासाठी बटण नाही.

घड्याळ तांबडं झालं, होऊ दे.
मी दाबते: कोरे.
यंत्र विचारतं: नक्की?

अठ्ठ्याण्णवात
हे कुणीच विचारलं नव्हतं.

हो म्हणा बाई, आंबी सर म्हणतात,
चहा गार होतोय.