तपासणी

रेकॉर्डिंग क्रमांक नऊ. किसननगर, तिसरा मजला.
आधी पंखा ऐकू येतो, मग शेजारच्यांचा मिक्सर,
मग शेवंता चाळके म्हणतात, "चालू झालं काय ते?"
आणि खुर्ची माझ्याकडे सरकवतात.
एवढं लिहून काढलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.
तासाभराच्या बोलण्याला सात तास लागतात.
"म्हणजे" किती वेळा, "बघा" किती वेळा,
श्वास कुठे घेतला, सगळं उतरवायचं
असं आमचं ठरलंय.

एकोणीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये, इंजेक्शनच्या कारखान्यात.
काम: बघणं.
दिव्याखाली बाटली धरायची, मागे काळा पत्रा.
पाच आकडे मोजायचे.
मग पांढरा पत्रा. पुन्हा पाच.
काळ्यावर काचेची कुसळं दिसतात,
पांढऱ्यावर रबराची.
"दोन्हींवर काही दिसलं नाही तर पुढे.
पुढे म्हणजे कुणाच्या तरी दंडात, बघा."

मग फाटकावरची नोटीस.
"डबा घेऊन गेले तशी डबा घेऊन परत आले.
भेंडी होती. घरी बसून खाल्ली."
यानंतर अकरा सेकंद
काही नाही.

ते अकरा सेकंद मी पुन्हा पुन्हा ऐकले.
कंसात लिहिलं: दीर्घ शांतता.
निनाद म्हणाला, नाटक इथे आहे,
आणि तिथे निळा प्रकाश मागितला.
रेवती त्या अकरा सेकंदांत रोज रडायची.
खरं सांगते, चांगली रडायची.

तालमी लोकमान्यनगरच्या शाळेत, चौथी 'ब'च्या वर्गात,
बाकं भिंतीला लावून.
फळ्यावर कुणीतरी अर्धा सोडलेला भागाकार.
तिथे एका शनिवारी शेवंताबाई आल्या,
पिशवीत माझ्यासाठी आमसुलं,
आणि मुलांच्या बाकावर बसल्या, गुडघे आडवे घेऊन.

रेवतीने बाटली उचलली. हलवली. दिव्याकडे धरली.

"अगो, हलवतेस कशाला?
हलवली की बुडबुडे होतात.
मग कण कुठला, बुडबुडा कुठला, देवालाही कळायचं नाही.
मनगट फिरव. साखर ढवळल्यासारखं नको,
तान्ह्या पोराची मान वळवल्यासारखं. हं.
आता थांब.
बुडबुडा असेल तर वर जाईल,
कण असेल तर खाली बसेल.
आपण नुसतं थांबायचं."

मग नोटीस आली, भेंडी आली,
ट्यूबला गुंडाळलेल्या जिलेटीनचा निळा प्रकाश आला,
रेवती रडली.
शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
"ही का रडते?"
मी म्हणाले, तुम्ही गप्प झाला होतात. अकरा सेकंद.
त्यांनी आठवून पाहिलं,
खरंच, कपाळावर बोट ठेवून.
"दूध होतं गॅसवर. उतू जातंय काय, बघत होते."

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो,
रेवती सगळ्यांत उशिरा.
मी कंस खोडला.
त्याजागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं: दूध.

निघताना विचारलं, कसं वाटलं?
त्यांनी संहितेचं पान ट्यूबखाली धरलं,
मनात पाचपर्यंत मोजलं असावं.
"नापास नाही म्हणत मी.
पण आज पुढे पाठवू नका. बाजूला ठेवा,
सकाळी परत बघा.
डोळे दमले ना, की सगळंच स्वच्छ दिसतं."

जिन्यात पुन्हा थांबल्या, कठड्याला धरून.
"आणि भेंडी नव्हती गो त्या दिवशी. गवार होती.
भेंडी का म्हणाले मी, कोण जाणे."

घरी येऊन पुन्हा लावलं. दोनदा लावलं.
रेकॉर्डिंगवर भेंडीच आहे.