बाकी

न खपलेलं शेवटचं तिकीट: १०००००३.
म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उठताना
भाईंनी त्याच्याच पाठीवर भागाकार मांडला.
सातानं भागलं, बाकी चार.
अकरानं, चार.
तेरानं, सदतिसानं,
चारच.

शेजारचा मिंगेल टोपल्या आवरत म्हणाला,
लागली काय?
भाई नऊशे सत्त्याण्णवपाशी पोचले होते.
बाकी बारा.
"हजाराच्या आत कुणालाच दाद देत नाही,
म्हणजे पुढंही नाही. मूळ संख्या, मिंगेल!"
मिंगेलनं दिवा मालवला.

घरी बांगडे तीन, खाणारी आम्ही चार.
आईनं सुरी घेतली,
कागद न घेता भाग घातला.
आम्हा तिघांना एकेक, सारखा.
तिच्या ताटात नुसती डोकी.

भाईंनी ती मोजली,
मग तिकीट उलटं करून
पुन्हा मोजली.