मोरी क्रमांक चार

साहेब म्हणाले, मॅडम, तीन साधनं आली आहेत
तपासणीच्या फायली वर चढवायची.
तिन्ही वापरून पाहा, माहितीपत्रक लिहा,
कोणतं घ्यायचं ते शुक्रवारपर्यंत कळवा.
वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

इथे वर म्हणजे बोडीची पाळ.
पाळीवर मोहाचं झाड, त्याच्या दुसऱ्या बेचक्यात
दोन काड्या रेंज असते, सकाळी साडेनवाच्या आत.
माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर
'आवश्यक सामग्री' या मथळ्याखाली
मी ते झाड लिहिलं.

पहिलं साधन फार नम्र.
काहीही पाठवा, दोनशे म्हणतं.
दोनशे म्हणजे मिळालं, ठीक आहे.
अठ्ठावीस दिवसांच्या ठोकळ्यांचा अहवाल पाठवला, दोनशे.
रिकामी फाईल पाठवली, दोनशे.
शालिक मिस्त्रीच्या बकरीचा फोटो
'पायाभरणी' म्हणून पाठवला. दोनशे.
लग्नात एक मामा असतो,
पाकीट न उघडता खिशात सारतो,
पोचलं, पोचलं म्हणतो.

दुसऱ्याला देवनागरी वाचता येत नाही.
फाईलला 'तडा, डावी भिंत' नाव दिलं
की परत येते प्रश्नचिन्हांची रांग.
पण ते फाईलचे तुकडे करतं,
एकेक नेतं, मोजतं,
रेंज तुटली तर जिथे थांबलं तिथूनच उचलतं.
स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची रांग लागते ना,
फुलवंताबाईपासून सायत्रापर्यंत,
मधेच कोणी तंबाखू मळायला थांबलं
तरी घमेलं हातातच राहतं, पडत नाही.
तसं.
हे वाक्य साहेब कापतील. मी ठेवलं आहे.
वेळ: अकरा मिनिटांच्या व्हिडिओला पावणेतीन तास.

तिसरं सगळ्यांना आवडलं.
नऊ सेकंद, हिरवी खूण.
जिल्ह्यावरून फोन आला, छान चाललंय म्हणून.
मी चढवलेला फोटो पुन्हा उतरवून घेतला
आणि मूळ फोटोशेजारी ठेवला.
भिंत तीच. शेवाळ तेच.
मापासाठी टेकवलेली आगकाडी तीच, जराशी धूसर.
तडा नव्हता.

चार वेळा करून पाहिलं.
केसाएवढं जे काही असेल
ते या साधनाला कचरा वाटतं,
पुसतं, फोटो हलका करतं,
आणि पुसलं असं कुठेही सांगत नाही.

शालिकला दाखवलं.
त्यानं स्क्रीनकडे पाहिलं न पाहिलं
आणि हातोडीनं भिंत ठोकत गेला.
ठण्ण. ठण्ण. मग काडीच्या बोटभर उजवीकडे,
भद्द.
"आयकलात का जी?
हा आवाज कोन्त्या खान्यात भरता मंग?"

खाने मोजले. एकोणीस होते.
ठेकेदाराचं नाव, जीएसटी, अक्षांश, रेखांश,
फलक लावला आहे काय, होय किंवा नाही.

पान सात, मथळा 'मर्यादा':
तिसरे साधन वेगवान आहे.
त्यातून गेलेल्या भिंती
प्रत्यक्षापेक्षा चांगल्या दिसतात.
शिफारस: दुसरे.
नावे अक्षरांत देऊ नयेत, आकडे द्यावेत.
म्हणून तड्याचं नाव आता शून्य शून्य चार.

शुक्रवार. साडेनऊ वाजून गेले.
मोबाईल बेचक्यात, मी फांदीवर,
एकाहत्तर टक्के.
खालून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर
मोरीकडे वळतो आहे.
"हळू घे बे, हळू!" शालिक दोन्ही हात वर करून ओरडतो.
मीही झाडावरून हात करते.
इंजिनाच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू जात नाही.
तो हसतो,
राम राम समजून
आम्हाला हात हलवतो.
एकाहत्तर.