सित्रा, जुबैल

हसुराम मोकल सित्रात, युरियावर.
मी जुबैलला, इथिलीनवर.
मधे दोन देशांचा पूल
आणि नागोठण्यापासून चालत आलेली पैज.

तो म्हणतो, तुमचं नुसतं अवाढव्य,
गेटपासून कंट्रोल रूमपर्यंत बस लागते.
आमचं बेट मुठीएवढं;
कुणाचा व्हॉल्व्ह गळतोय ते
कँटीनच्या आचाऱ्यालाही ठाऊक.

मी आकडे काढतो:
आमचा एक क्रॅकर
तुमचा अख्खा कारखाना गिळून
ढेकर देणार नाही.

गिळा, म्हणतो.
अमोनिया आहे तो. डोळ्यांतून येईल.

गुरुवारी रात्री तो आला.
नाक्यावर तीन तास रांगेत,
पिशवीत मनामाच्या बाजारातलं सुकट.
शर्ट काढून खिळ्याला लावला,
माझ्यावरच.
सुकट खाल्लं, वायूचा भाव, पगार, व्हिसा,
पोरीची दहावी, सगळं बोललो.
पैज तेवढी राहिली.

शनिवारी पहाटे घाईत
माझाच शर्ट घालून गेला.
पुलावरून फोन:
अरे, ह्याला गोडसर वास येतोय,
पिकत घातलेल्या आंब्यांच्या खोलीसारखा.
एवढा मोठा कारखाना, आणि हा वास?

मी खिळ्यावरचा त्याचा शर्ट
नाकाशी धरला.
डोळ्यांत टचकन पाणी.

अमोनियाच.
दुसरं काय असणार.