कुंपणाचं कोटेशन

टेबलावर तीन कागद, उडू नयेत म्हणून वर एक गंजका नट.
फीत: गुंडाळ्याने मिळते, भाव विचारायची लाज वाटावी इतकी स्वस्त.
पत्रा: फुटावर. पाइप, क्लॅम्प, लावणावळ वेगळी.
प्लास्टिकचे नारंगी ठोकळे: नगावर. खाली बारीक अक्षरात, पाणी तुमचं.

सामंतसाहेब म्हणाले, "फीत मारा. महिन्याभराचं तर काम."
काम म्हणजे अँटॉप हिलच्या रस्त्यात नऊ फूट खोल चर,
एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला दूधकेंद्र.

माझं फितीशी वैर नाही.
फीत विनंती करते, काही माणसं विनंतीही ऐकतात.
पण परवा बकरीनं तिचा हातभर तुकडा खाल्ला,
उरलेलीनं कुणीतरी गादी बांधून टेम्पोवर चढवली.
आणि पहाटे साडेपाचला पेडणेकर दुधाला निघतात,
टेलिफोन खात्यात तीस वर्षं नुसत्या आवाजांवर काढलेले,
पांढरी काठी जमिनीलगत, डावीकडे, उजवीकडे.
फीत कमरेला असते.
काठी खालून जाते.

हे सांगत होते तेव्हा साहेबांचं बिस्किट चहात तुटलं.
"बरं. मग पत्रा?"

पत्रा चांगला, पण वळणावर नको.
शाळेची रिक्षा पत्र्याआडून आली तर
पोरांना ती दिसायच्या आधी ऐकू येईल,
आणि पोरं कुठे ऐकतात.
तिथे जाळी, आरपार दिसणारी.
शिवाय खाडीचा वारा सुटला की पत्र्याचं शीड होतं.

काँक्रीटच्या अडथळ्याला 'जर्सी' म्हणतात.
मुकादम घोलपनं विचारलं, "किती लिटर देते?"
सगळे हसले. मीपण हसले, आणि क्रेनचं भाडं ऐकून
नारंगी ठोकळे मागवले. दहा. टँकरनं भरून घेतले.

रिकामा ठोकळा म्हणजे नुसता रंग.
स्कूटर आदळली तर चरात आधी तोच जाईल.
म्हणून रोज सकाळी मी एकेकाला बुटानं ठोकते.
भरलेला गप्प बसतो, रिकामा बोलतो.

चौथ्या दिवशी सातवा बोलला.
पाचव्या दिवशी सातवा आणि आठवा.
बूच तपासलं, वायसर बदलला, पुरवठादाराला फोनवर झापलं.
सहाव्या रात्री केबिनमधला दिवा घालवून बसून राहिले.

अकरानंतर एक बाई आली, तेलाचे दोन डबे, मागे झोपाळलेली मुलगी.
बूच तिनं सवयीच्या हातानं फिरवलं.
मी काही बोलायच्या आत म्हणाली,
"प्यायला नाही हो, भांड्यांना.
नळ तीनला येतो, पावणेचारला जातो.
हे तर दिवसभर उभंच असतं."

सुगंधा तिचं नाव. नवरा आमच्याच चरात, पाइपाला रबर बसवतो.
मी सांगितलं, एका डब्यामागे पंधरा किलो भिंत कमी होते,
आणि भिंतीपलीकडे कोण वाकलेलं असतं.
तिनं बूच आवळलं.
डबा अर्धा भरला होता.
तो परत ओतायचा तर ठोकळ्याचं तोंड वर,
आणि झाकण माझ्याच हातानं पक्कं बसवलेलं.
आम्ही दोघी थोडा वेळ त्या अर्ध्या डब्याकडे बघत राहिलो.
"असू दे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्रेनच्या भाड्यावरून साहेबांशी भांडले.
चराच्या कडेला काँक्रीट आलं.
आठ ठोकळे परत पाठवले, दोन गेटपाशी ठेवून घेतले,
जिथे पडण्यासारखं काही नाही.
रजिस्टरात 'कारण' या रकान्यात लिहिलं:
पाणी टिकत नाही.
टँकर मात्र आठवड्यातून एकदा येतोच.

पहाटे पेडणेकरांची काठी नव्या भिंतीला लागली.
थांबले, पुन्हा एकदा वाजवून पाहिली.
"हे बरंय. पोकळ नाही."
मग गेटपाशी दोनदा टकटक,
"मॅडम, हे दोन रिकामे वाटतात?"

म्हटलं, त्यांची रात्रपाळी असते.