चुकून आलेली पेटी

नागभीडच्या छोट्या गाडीतून उतरली
ती पेटी आमची नव्हतीच.
आम्ही मागवला होता देवाचा सिनेमा, सापाचा, शापाचा;
झाकण उघडलं तर डब्यांवर सगळं इंग्रजी,
आणि बाहेर पटाचे बैल गावात शिरलेले,
धान निघालेलं, लोकांच्या खिशात चिल्लर.
"लाव," बकाराम म्हणाला. "मी सांगतो नं."

तो सांगायचाच. तंबूच्या मधल्या खांबाशी
भोंग्याचा माईक धरून उभा राहायचा,
मी यंत्रामागे, कार्बनच्या कांड्या जवळ सरकवत.
मधोमध दोर. इकडे बाप्ये, तिकडे बाया,
खाली तणीस.
तिकिटाच्या खिडकीला त्या सालापासून बारदान टांगलेलं.
तिथे सारजा बसायची.

पडद्यावर एक गोरा, काडीसारखा,
काळ्या कोटाला मागून दोन शेपट्या,
आणि त्याची बायको, जिचा झगा
तिच्याहून अर्धा श्वास उशिरा वळायचा.
फरशी अशी, की नवं सारवलेलं खळं
पुनवेला पाण्यानं धुतलं तरी तसं चकाकणार नाही.

"हा म्हनते, चाल. ते म्हनते, पायात काटा हाय.
हा म्हनते, मंग माया पायावर पाय ठेव."

दोघांचेही ओठ मिटलेले होते.
तरी बायांच्या बाजूनं कुणीतरी हुंकार दिला.

ते जोडपं शहरोशहरी नाचत गेलं,
शहरंच्या शहरं त्यांच्यासारखी चालायला लागली,
तिनं केस कापले तर सगळ्या बायांनी कापले.
"आमच्या घरी कापले तं?" कोणी ओरडलं,
हशा उठला, तणीस उडालं.
धुरकरी गोमाजी मात्र गंभीर:
जोडी अशी पायजे. एकाचा कान हालला का दुसऱ्यानं वळावं.

सातव्या डब्यात लढाई लागली.
गोरा खाकी घालून गेला. विमान. धूर.
मग दारात एक माणूस, टोपी काढून,
आणि ती ऐकतेय.

हे कळायला इंग्रजी लागत नाही.
पण बकाराम बोलला: "हा सांगाले आला,
का तुया नवरा बल्लारशाले गेला कामानं.
गाडी चुकली त्याची. येते तो."

लोकांनी मानलं. गाडी सगळ्यांचीच चुकायची.

शेवटी रिकाम्या फरशीवर ती एकटी.
बाजा सुरू. तिनं डावा हात उचलला
आणि ठेवला, जिथं खांदा असतो
तेवढ्या उंचीवर.

माईक चालू होता.
भोंग्यातून नुसता श्वास येत राहिला, तंबूभर,
पटाच्या दाणीपर्यंत, बांधीतल्या लाखोळीपर्यंत.
मी कांड्या सरकवायला विसरलो. उजेड पिवळा पडला.

दुसऱ्या दिवशी खरी पेटी आली. साप आला, नारळ फुटले.
रात्री दीडला तंबू रिकामा झाल्यावर
बकारामनं दोर सोडला,
बायांच्या बाजूला जाऊन बसला, खिडकीजवळ.
"लाव तो. माईक नोको."

पाच लिटर डिझेल गेलं.
हिशोबाच्या वहीत मी लिहिलं: गळती.

बकाराम गेला त्यालाही आता सालं झाली.
तंबूचं कापड कुणाच्या तरी धानाच्या पुंजण्यावर फाटलं.
परवा पटात एक म्हातारा भेटला, डोळ्यात फूल पडलेलं,
नाव ऐकून माझा हात धरला त्यानं:
"तो त्या गोऱ्या बाईचा नवरा, बल्लारशाले गेलता.
आला का मंग?"

मी तंबाखू मळत होतो. अंगठा थांबला.
"आला," म्हटलं. "दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं."
"मंग नाचले असन."
"नाचले नं बापा."
त्यानं मान हलवली, थोडा वेळ पटाचा धुरळा ऐकला.
"अन् तिच्या पायातला काटा?"

ते काही बकारामनं सांगितलं नव्हतं.